काच धुतल्यावर

लोणावळ्याच्या बाजारात रज्जाकभाईंचा फोटो स्टुडिओ होता आणि मागच्या दोन खोल्यांत त्यांचं घर. १९३६ च्या हिवाळ्यात त्यांची सहा वर्षांची मुलगी तापानं गेली. मुलीची आई जैतुनबी रडली नाही. ती जेवत होती, भांडी घासत होती, विचारलं तेवढंच बोलत होती.

"तुला काय होतंय?" रज्जाकभाईंनी विचारलं.

"काहीच होत नाही."

तिला जे सांगता येत नव्हतं ते कदाचित कॅमेऱ्यातल्या फोटोच्या काचेवर उमटेल, असं त्यांना वाटलं. सकाळच्या उजेडात त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि कॅमेऱ्याचं झाकण पूर्ण एक मिनिट उघडं ठेवलं. ती दगडासारखी बसून राहिली.

अंधारखोलीत काच धुतली, तर काचेवरची जैतुनबी तोंड उघडून रडत होती.

त्यांनी कागदावर छाप काढून तिला दाखवला. तिनं तो बराच वेळ पाहिला.

"बरं झालं, कुणीतरी रडतंय," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशीही ती तशीच निश्चल बसली. काचेवर मात्र ती रडून थकली होती. तिसऱ्या दिवशीच्या काचेवर ती उठू लागली होती. चौथ्या दिवशी काचेवर नुसती खुर्ची आली.

रज्जाकभाई अंधारखोलीतून धावत बाहेर आले. जैतुनबी मांडीवर हात ठेवून तिथंच बसलेली होती.

"जैतुन!"

तिनं मान वळवली आणि अदबीनं विचारलं, "कोण पाहिजे तुम्हाला?"