ताटाएवढे मासे

समुद्रातल्या माशांच्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यातल्या खांबाला नारळाची कोवळी झावळी बांधलेली होती. ती दिसताच लुकासने होडीचं इंजिन बंद केलं.

"का थांबलास?" विबोवोने विचारलं. मासे वाढवणाऱ्या कंपनीने त्याला साहेब म्हणून जावाहून या बेटावर पाठवून सहा महिने झाले होते.

"सासी आहे," खाद्याच्या टोपलीपाशी बसलेली डोरसिना म्हणाली. "झावळी असेतो इथून काही काढायचं नाही. नारळ असो, मासा असो."

"पान आहे ते. तोड."

"बांधतो त्यानेच सोडायची, साहेब," लुकास म्हणाला. "दुसऱ्याने तोडली तर हात झडतात. माझे मला हवेत."

"बांधली कुणी?"

डोरसिनाने हनुवटीने खडकांच्या रांगेपलीकडे दाखवलं. बाहेरच्या लाटांतून एक म्हातारा एकटाच होडी वल्हवत येत होता.

"माझ्या बापाने."

"कमाल आहे! पिंजऱ्यांसाठी गावात पहिला हात तूच वर केला होतास."

"चार पिंजऱ्यांसाठी. गावाला दाखवलेल्या नकाशात चारच होते. पुढचे चार तुम्ही होड्यांच्या वाटेत टाकलेत. ओहोटीला आता खडकांबाहेरून वळसा घालावा लागतो. त्र्याहत्तर वर्षांचा आहे तो."

"शुक्रवारी हाँगकाँगची बोट येतेय. त्यांना ताटाएवढाच मासा लागतो. महिन्याभराने हे ताटात मावणार नाहीत. तुझा पगार यातूनच होतो, डोरसिना."

"काल तेच सांगितलं त्याला. म्हणाला, मग साहेबाला म्हणावं, पिंजरे हलव."

विबोवोने पिंजऱ्यात वाकून पाहिलं. मग म्हणाला, "आज खाद्य टाकू नकोस. वाढ तरी थांबेल."

"उपाशी ठेवले तर हे हेकरू मासे एकमेकांना खातात. तुम्हीच शिकवलंत."

"मग करायचं काय?"

"सासी मासे काढण्यावर आहे. खाद्य घालण्यावर नाही."

लुकास खोकला. खोकल्यात थोडं हसू होतं.

इंजिनाच्या आवाजाने मासे केव्हाच वर आले होते, तोंडं वासून. डोरसिनाने खाद्याची एक ओंजळ टाकली. पाणी खळबळलं. तिने विबोवोकडे पाहिलं. तो झावळीकडे बघत होता. तिने दुसरी ओंजळ भरली.

"खा रे बाबांनो," ती माशांना म्हणाली.

खडकांबाहेरच्या होडीचा अजून अर्धा वळसा बाकी होता.