कोरडी आजी

"आजी, आज तरी डोकं बुडवा," ताई म्हणाली.

"डोकं बुडलं की केस भिजतात, आणि केस भिजले की घरी चौकशी होते," आजी म्हणाली. "मी आहे ती बरी आहे."

पोहण्याच्या तलावातल्या बायका हसल्या. सात महिन्यांत आजी मान वर ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला शिकली होती. पण डोकं पाण्याखाली घालायचं नाव नाही. टोपीत पाणी शिरतंच, असं तिचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. म्हणून सगळ्या तिला कोरडी आजी म्हणायच्या.

पोहायला शिकवणारी ताई बावीस वर्षांची. शिकणाऱ्या बहुतेक जणी तिच्याहून मोठ्या, तरी ती सगळ्यांची ताईच. दोन वर्षांपूर्वी नदीत होडी उलटली. पुरुष पोहत काठाला लागले. बायकांपैकी एकही आली नाही, आणि त्यात ताईची सख्खी बहीण होती. रडून झाल्यावर ताईने पालिकेच्या कचेरीचे उंबरे झिजवायला सुरुवात केली. शेवटी साहेबलोक कंटाळले आणि त्यांनी तलावाचा बुधवार दुपारचा एक तास फक्त बायकांना देऊन टाकला.

तलावावर काचेचं छत होतं. या वेळी ऊन त्यातून झिरपायचं आणि तळाच्या फरश्यांवर हलत राहायचं. आवाजही पाण्यावर पसरून मऊ व्हायचे. इथे आलं की बायका सावकाश बोलायच्या, सावकाश हसायच्या. घाई बाहेर चपलांजवळ काढून ठेवल्यासारखी. एकमेकींचा श्वास मोजायची त्यांची पद्धत होती. एक जण पाण्याखाली गेली की बाकीच्या एका सुरात आकडे म्हणायच्या. खाली ते आकडे झोपेत कुणी हाक मारावी तसे लांबून ऐकू यायचे, आणि मग भीती वाटत नसे.

आज मात्र ताईचं सगळं लक्ष दाराकडे होतं. पोहण्याच्या शर्यतीच्या संघाला हाच तास हवा होता. कचेरीने बजावलं होतं की माणूस येऊन पाहून जाईल. वीस जणी दिसल्या तर तास राहील, एक जरी कमी भरली तरी गेला. आणि वहीत नावं होती बरोब्बर वीस.

"साहेब आलेत गं, पुरुषमाणूस आहे!" टोकनखिडकीवरच्या मावशीने आरोळी ठोकली.

बायका हनुवटीपर्यंत पाण्यात गेल्या. पिवळ्या टोप्या तेवढ्या वर राहिल्या.

साहेब चाळिशीचे होते. आत शिरताच त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. ताईने हजेरीची वही पुढे केली, ती त्यांनी उघडलीच नाही.

"नावं काय, कुणीही लिहितं. मी डोकी मोजतो. आणि जरा लवकर आटपू या. मागच्या गल्लीतून आईला घ्यायचंय. आजारी मैत्रिणीजवळ बसलीय ती."

"बसा ना दोन मिनिटं. बघा तरी कशा पोहतात."

"खरं सांगू? आमच्या घरी हे असलं कुणाला सुचायचं नाही. आईला नदीवर नेलं तरी काठावरच बसून राहते." त्यांनी बोट हवेत नाचवत टोप्या मोजल्या. "एकोणीस."

सकाळपासून ताईने दहा वेळा तरी मोजल्या असतील. "पुन्हा मोजा, साहेब."

"एकोणीसच आहेत हो."

तेवढ्यात पलीकडच्या कोपऱ्यातल्या दोघींनी आकडे म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता सगळ्याच म्हणू लागल्या. "आठ... नऊ... दहा..."

"हे काय चाललंय?"

"खाली एक जण आहे," ताई म्हणाली. "तीच विसावी."

"मग वर येऊ दे. दिसल्याशिवाय मी लिहिणार नाही."

ताईने टोप्यांखालचे चेहरे एकेक करून पाहिले. कोरडी आजी नव्हती. जिने कधी नाकसुद्धा बुडवलं नाही, ती आजी.

"एकोणीस... वीस..."

पाणी हलत नव्हतं. ऊन तेवढं हलत होतं. ताईला नदी आठवली, उलटी होडी आठवली. आता तासाचं काय व्हायचं ते होवो. ती कपड्यांसकट उडी मारायला काठाकडे धावली.

"तीस... एकतीस..."

आणि आजी वर आली. टोपी निसटून बाजूला तरंगत गेली, पांढरे केस गालांना चिकटले. बायकांनी एकच गलका केला. ताईला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. आजी मात्र भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, काही केल्या वळेना.

"लाजली बाई आमची," कुणीतरी म्हणालं.

साहेबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग ते त्या पांढऱ्या केसांकडे पाहत राहिले. पेन कागदावर टेकलं होतं, पण पुढे सरकत नव्हतं. नाही म्हणणार हे, ताईला वाटलं.

साहेबांनी सावकाश 'वीस' लिहिलं. खाली सही केली. कठड्यावरचा टॉवेल उचलला आणि ते काठाशी उकिडवे बसले.

"आई," ते म्हणाले, "मैत्रिणीला कसं वाटतंय आता?"