शेवटची पावती

लुइझियानाच्या तुरुंगात एझेल गिद्रीच्या धोबीखान्यातल्या मजुरीतून दर महिन्याला न्यायालयाच्या फीचा हप्ता कापला जाई. दुसऱ्या तुरुंगात असलेला त्याचा मुलगा लव्हेल दम्याने गुदमरून गेला. कुणी त्याला औषधाचा पंपसुद्धा दिला नाही. म्हणून एझेलने दावा लावला होता. तो गरीब आहे हे न्यायाधीशांना पटलं, पण फी माफ झाली नाही, नुसते हप्ते बांधून मिळाले. दावा चार महिन्यांतच फेटाळला गेला. हप्ते मात्र अकरा वर्षं चालले.

आज हिशेबाच्या खिडकीतून मिस व्हर्लीनने पावती पुढे सरकवली आणि ती हसली.

"सुटलात हो, गिद्रीकाका! हा शेवटचा हप्ता. आता पुढच्या महिन्यापासून मनसोक्त कॉफी प्या."

"म्हणजे पावती येणार नाही?"

"आता कशाची येईल? हरलेल्या दाव्याचे पैसे अकरा वर्षं भरलेत, अजून हौस फिटली नाही का?"

"काका, सरका की पुढं," रांगेतून कुणीतरी ओरडलं, "गप्पा नंतर मारा!"

एझेल हलला नाही. पावतीवर दाव्याचं नाव नेहमीसारखंच छापलेलं होतं: 'लव्हेल गिद्री याच्या वतीने'. त्याने त्यावरून अंगठा फिरवला आणि खिडकीशी वाकून हळूच विचारलं,

"मिस, तोच दावा पुन्हा लावता येईल का? हरला तरी चालेल. माझ्या पोराचं नाव छापलेला कागद मला दुसरीकडून कुठूनच येत नाही हो."