नोटीस पाठवायच्या आधी

ऋजुताचा अंगठा मोबाईलवर टेकणारच होता. वकिलीतली तिची पहिली नोटीस, तीही बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला, आणि काय कडक लिहिली होती! समोर ती बायको, कांचन, सुजलेलं मनगट पदराखाली घेऊन बसलेली. "पाठवा मॅडम, होऊ दे एकदाचं!"

"थांब गं जरा," ऋजुताच्या सीनियर इनामदार बाई म्हणाल्या. "कांचन, हे वाचून तो काय करेल?"

"घर डोक्यावर घेईल."

"आणि तेव्हा तू कुठं असशील?"

"घरीच की. पोरगीपण तिथंच आहे, सासूपाशी."

ऋजुताने मोबाईल हळूच पालथा ठेवला.

"त्याला ठाऊक नसलेली एखादी मैत्रीण?" इनामदार बाईंनी विचारलं.

"आहे एक. कोरेगावला."

"मग पोरीला दवाखान्यात नेते म्हणून बाहेर काढ. पोचलीस की फोन कर."

संध्याकाळ झाली तरी फोन नाही. ऋजुताला चहासुद्धा गिळवेना. रस्त्यातच गाठलं असेल तर? एकदाचा फोन वाजला. "पोचलो मॅडम. दोघीपण."

तेव्हा कुठं तिने नोटीस पाठवली. थोड्याच वेळात नवऱ्याचा फोन आला. नुसत्या शिव्या, मागे काहीतरी खळ्ळकन फुटलं.

"कुठंय ती?" तो किंचाळला. "कुठं लपवलीय, सांग!"

ऋजुताने डोळे मिटले, आणि दुपारपासून कोंडलेला श्वास सोडला. त्याला माहीतच नव्हतं.