इंजिनातले बोळे

वडलांना पुरून आल्यावर गार्थने कोठारातल्या इंजिनावरची ताडपत्री ओढली. म्हातारा होता तोवर त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. इंजिन थोरल्या भावाच्या, रॉइसच्या गाडीचं. बापाशी भांडून रॉइस अलास्काला निघून गेला आणि दुसऱ्याच दिवशी म्हाताऱ्याने ते उतरवून ठेवलं. उंदीर शिरू नयेत म्हणून सगळ्या भोकांत चिंध्यांचे बोळे कोंबले. त्या घरात जुना कपडा कधी फुकट गेला नव्हता.

आई, नोरीन, उलट्या बादलीवर कॉफी घेऊन बसली होती. "नीट जुळव हो. गाडी सुरू झाल्याचं कळलं ना, की येईल तो."

"आई, इतक्या वर्षांत त्याने साधा फोन केला नाही."

"बापाची धास्ती होती त्याला. आता कसली? कपड्यांची पिशवीसुद्धा न घेता गेलं रे माझं पोर. तुझे वडीलच सांगायचे, गॅरेजने त्याच दिवशी दिलेला निळा सदरा अंगात होता, तसाच कुणाच्यातरी ट्रकमध्ये बसला."

गार्थ एकेक बोळा उपसत होता. टॉवेल निघाला, उशीचा अभ्रा निघाला. तिसरा बोळा निळा होता, तेलाने कडक झालेला. त्याने तो उलगडला. खिशावर लाल दोऱ्याने नाव शिवलेलं होतं. रॉइस.

"काय निघालं रे?" नोरीनने विचारलं.



गार्थने बोळा मुठीत दाबला. "उंदराचं घरटं, आई."