अकरा बायांची वही

नागपूरहून जीपनं आणलेलं, हृदयाचा आलेख काढायचं यंत्र चिखलीच्या दवाखान्यात टेबलावर ठेवलं गेलं. नर्स सिंधूताईंनी वही उघडली आणि पहिलं नाव पुकारलं.

"मनकर्णाबाई, रोहिणखेड."

सहा वर्षं त्या ही वही लिहीत होत्या. बाळंतपणानंतर महिन्या-दीड महिन्यात छातीत कळ येऊन कोसळलेल्या तरण्या बायांची. कळ कधी आली, कुठून कुठं गेली, बाई जगली की गेली. अकरा नावं. दवाखान्यात येणारा प्रत्येक नवा डॉक्टर 'गॅस' म्हणायचा, गाव 'बाहेरचं' म्हणायचं. तीन पत्रं धाडल्यावर मेडिकल कॉलेजचे डॉ. सोनटक्के एकदाचे आले होते. जगलेल्या पाचजणी सकाळच्या एस.टी.नं येऊन व्हरांड्यात बसल्या होत्या.

"सिस्टर, पंचविशीतल्या बाईला हृदयाचा झटका येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पहिल्या दोघींत काही निघालं नाही, तर ही वही बंद करा."

मनकर्णाबाई तपासणीच्या पलंगावर निजली. तिची सासू रुखमाबाई दारातच उभी राहिली.

"काई नाई हो डाक्टर. काम दिसलं का हिची छाती दुखते. तीन वर्सं झाली, सोंग करून राह्यली."

मनकर्णाबाईनं डोळे मिटून घेतले. मनगटांना, घोट्यांना पट्टे आवळले गेले आणि कागदाची पट्टी सरकू लागली. डॉक्टरांनी ती उजेडाकडे धरली.

"पुन्हा काढू."

सिंधूताईंनी पट्टे पुन्हा नीट आवळले. दुसरी पट्टी निघाली. डॉक्टरांनी दोन्ही शेजारी-शेजारी ठेवल्या आणि स्टूल ओढून ते खाली बसले.

"जुना व्रण आहे. हिच्या हृदयाचा एक भाग मेलाय. मोठा झटका येऊन गेलाय हिला."

"म्हंजे काय वो?" रुखमाबाईनं विचारलं.

"म्हंजे तुमची सून खरं सांगत होती," सिंधूताई म्हणाल्या.

दुपारपर्यंत पाचजणींपैकी चौघींच्या कागदावर तसलीच खूण निघाली. डॉक्टर पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिले. "रक्तवाहिनी आतून फाटत असावी. प्रेताच्या तपासणीत क्वचित दिसलंय असं. पण जिवंत बायांची अशी नोंद मी कुठं पाहिली नाही. वही द्या मला."

"वही नाही देणार, साहेब. नक्कल करून देते. हिच्यात अजून नावं यायचीत."

डॉक्टर पहिल्यांदाच हसले. "बरं, नक्कल द्या. आपण हे छापू. नाव आधी तुमचं, मग माझं. आणि यापुढं अशी बाई आली, की तिला पलंगावरून उठू देऊ नका. मला तार करा."

"हो," म्हणत सिंधूताईंनी ते वहीत लिहून घेतलं.

त्या व्हरांड्यात आल्या. रुखमाबाईनं सुनेच्या कडेवरचं पोरगं आपल्याकडं घेतलं होतं. मनकर्णाबाई मोकळ्या हातांनी उभी होती. तिनं पदर नीट केला आणि ती रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आइकलं का वो बायांनो? आपुन खोट्या नव्हतो. अन् ज्या साजणी मरून गेल्या ना, त्याबी नव्हत्या."