छकुलीच्या खोलीतली हवा

घरांमधली हवा तपासणारी तंत्रज्ञ आपलं यंत्र न्यायला आली, तेव्हा मुलीची आई कौतुकानं म्हणाली, "ताप उतरल्यापासून आमची छकुली दारं-खिडक्या लावून नुसती लोळत असते. तरी हवा बघा कशी स्वच्छ! उगीच घाबरलो होतो."

काल पलंगाशी ठेवलेल्या यंत्रावर कार्बन डायऑक्साइडचा आकडा बाहेरच्या मोकळ्या हवेइतकाच होता. बंद खोलीत कुणी श्वास घेत असलं, की तो चढतोच.

यंत्र बिघडलं असेल, म्हणून तिनं त्यावर हलकेच फुंकर घातली. आकडा झरझर चढला.

ती पलंगावर वाकली आणि झोपलेल्या मुलीच्या नाकाशी तिनं बोट धरलं. काहीच जाणवलं नाही.

मुलीनं डोळे उघडले.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "आईला सांगू नका हं."